दहाही उत्तरं बरोबर

जय सेवा

आलापल्ली,
६ जानेवारी २०२५

चि. दीपालीस ताईचे अ. आ. वि. वि.

हे पत्र लालसूकाका आणून देतील. ते अहेरी-चंद्रपूर गाडीला कंडक्टर आहेत तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही. फक्त पाकीट चिकटलेलं आहे का ते आधी बघ. काका मनानं चांगले आहेत, पण परतीच्या गाडीत प्रवासी कमी असतात आणि त्यांना वाचायला काही नसतं.

तू म्हणशील, ताई फोन काऊन करत नाही. माझा मोबाइल आईनं तांदळाच्या कोठीत पुरून ठेवला आहे. बाळंतिणीनं सव्वा महिना मोबाइल पाहिला तर डोळे जातात, असं आजीनं आईला सांगितलं होतं म्हणे. आजीच्या वेळी मोबाइल नव्हते, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं. त्यावर आई म्हणाली की म्हणूनच आजीचे डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले. आईच्या फोनवरून बोलायचं तर ती स्पीकर लावते आणि शेजारची चैतूची आजी मधेच उत्तरं देते. म्हणून पत्र.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मोबाइल जप्त होण्यात माझीही चूक आहे. तान्ह्या बाळानं दिवसातून किती वेळा शू करावी, हे मी पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा शोधलं की शेवटी मोबाइल मला लंगोटांच्या जाहिराती दाखवायला लागला. त्यातल्या एकीत बाळही हसत होतं आणि आईही. ते पाहून मला रडू आलं आणि आईनं मोबाइल हातातून काढून घेतला.

बाकी माझं चाललं आहे ते असं: कानात कापूस, डोक्याला फडकं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. मी बाळंतीण आहे की भाजायला लावलेलं वांगं, हे बाहेरून येणाऱ्याला चटकन कळणार नाही. सकाळी मोहाचा लाडू, दुपारी डिंकाचा, संध्याकाळी मेथीचा. मधे कुणी भेटायला आलं की त्यांच्या घरचा. नाही म्हटलं तर आई म्हणते की तुझ्यासाठी थोडाच देतो, पोरीच्या दुधासाठी देतो. म्हणजे लाडू माझ्यातून फक्त जातो, मी वाटेवरचं स्टेशन. काल एक लाडू मी उशीखाली लपवला, तर मुंग्यांनी चुगली केली.

बाळ बरं आहे. वजन वाढतं आहे. तुझे भाऊजी दर रविवारी माजरीहून येतात, खाणीची धूळ अंगावरून धुवून काढतात आणि मग बाळाजवळ बॉम्ब असल्यासारखे बसतात.

आणखी एक बातमी. परवा उपकेंद्रातल्या दिव्यानी सिस्टर आल्या होत्या. नव्या आयांचं मन कसं आहे ते बघायला एक कागद आहे, तो भरून घेतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बाबांनी स्वतःचं पेन दिलं, बाजूला उभे राहिले आणि सवयीनं घड्याळ पाहिलं. मी सात मिनिटांत सोडवला. दहाही उत्तरं बरोबर आली. सिस्टर म्हणाल्या, इतकी आनंदी बाळंतीण त्यांनी या भागात पाहिली नाही. बाबांनी ते फाटकापर्यंत जाऊन दोघा-तिघांना सांगितलं.

तुझा अभ्यास कसा चालला आहे? अभ्यासिकेतला पंखा दुरुस्त झाला का?

कळावे. लोभ आहेच, तो असू दे. इकडचे थोडे लाडू मात्र येऊन घेऊन जा.

तुझी,
करिष्माताई


जय सेवा

चंद्रपूर,
९ जानेवारी २०२५

ति. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग खरोखरीच घालायचा तर अभ्यासिकेत दोन टेबलांच्या मधे जागा नाही. तेव्हा नुसता न. घे.

तू भाजायला लावलेलं वांगं नाहीस. वांग्याला निदान कुणी विचारत नाही की तू खूश आहेस ना म्हणून. चैतूच्या आजीला माझा निरोप दे की स्पीकरवर ती माझ्यापेक्षा हुशार उत्तरं देते, या वेळच्या परीक्षेला तिलाच बसवू. पंखा दुरुस्त झाला नाही. जानेवारीत कुणाला त्याची पडलेली नाही, फक्त तुला पडली आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली. तुला राग येईल, पण हे व्यसन आपल्याला एकाच घरात लागलं आहे. मोबाइलवर एवढा मोठा परिच्छेद, लाडवांवर दुसरा, आणि बाळावर दोन वाक्यं. तीही अशी की आशाताईंच्या रजिस्टरमधून उतरवून काढावीत. वजन वाढतं आहे! अगं, ती तुझी मुलगी आहे, रोपवाटिकेतलं सागाचं रोप नाही. तिचं नाक कुणावर गेलं? आवाज कसा आहे? मी मावशी आहे, मला हे कळायला नको?

आणि दुसरं. तुम्हाला कसं वाटतं असं विचारणाऱ्या कागदात उत्तरं बरोबर कशी काय येतात, हे मला समजावून सांग. दोन अधिक दोन बरोबर येतात. मला कसं वाटतं हे बरोबर कसं येईल?

तुला आठवते का बाबांची शाळा? जंगलातल्या त्या नाक्यावर खरी शाळा आठवड्यातून दोन दिवस उघडायची, म्हणून बाबांनी आपल्याला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. वनखात्याच्या जुन्या फॉर्मांची पाठकोरी बाजू हीच वही, दर शनिवारी पेपर, आणि चुकलं की तो प्रश्न पुन्हा लिहायचा. माझा आवडता प्राणी या निबंधात मी रानडुक्कर लिहिलं होतं. मला खरंच आवडायचं, त्याचा तोऱ्यात चालण्याचा थाट आवडायचा. बाबांनी ते खोडून वाघ लिहायला लावलं. वनखात्याच्या माणसाच्या घरात डुक्कर आवडून चालत नाही म्हणाले. मी रडत रडत वाघ लिहिला. तू मात्र पहिल्याच फटक्यात वाघ लिहिला होतास. दोन पानं. दहापैकी दहा. आणि तुला वाघाची इतकी भीती वाटायची की तू अंधार पडल्यावर परसात जायची नाहीस, मला सोबत न्यायचीस.

तेव्हा आता तो सिस्टरांचा कागद माझ्यासाठी पुन्हा सोडव. बाबा शेजारी नसताना. मी तपासणार नाही, गुण देणार नाही, आणि कुणाला सांगणार नाही. शपथ.

लोभ वाढव असं म्हणायची माझी हिंमत नाही, वाढवायला लागलीस तर तू लाडू पाठवशील.

तुझीच,
दीपू


जय सेवा

आलापल्ली,
१२ जानेवारी २०२५

चि. दीपूस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी तुझ्यावर चिडून आहे. निबंधाचं तुझ्या लक्षात आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाबा सरपण आणायला गेले आहेत, आई बाळाला शेकते आहे. वीस मिनिटं तरी मिळतील. प्रश्न शब्दाला शब्द आठवत नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागते.

पहिला हसण्याचा होता. पहिल्यासारखंच हसू येतं, असं मी लिहिलं. खरी गोष्ट अशी की मागच्या आठवड्यात आईनं न बघता शेगडीवर फडकं समजून बाबांचा पायमोजा वाळत घातला आणि घरभर जळका वास सुटला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पण आतून मी बघत होते की बाकीचे केव्हा थांबतात, म्हणजे मलाही थांबता येईल.

भीतीच्या प्रश्नाला माझी हरकत आहे. ती झोपली की श्वास चालू आहे का म्हणून मी नाकाशी बोट धरते. ती उठली की मला भीती वाटते की आता मला काहीतरी करावं लागेल. म्हणजे झोपली तरी भीती आणि उठली तरी भीती. यासाठी पर्यायच नव्हता. झोपेचं विचारलंस तर ती झोपते तेव्हा मी जागी असते, आणि ती जागी असते तेव्हाही मीच जागी असते.

उगाच स्वतःला दोष देता का, असा एक होता. यात मी नक्की पहिली येईन. पोरगी ओकली, तिला शिंका आल्या, चैतूच्या आजीचा गुडघा दुखायला लागला, तुझ्या भाऊजींची गाडी आष्टीजवळ पंक्चर झाली. या सगळ्यात माझा हात आहे. कसा ते विचारू नकोस. मनात तसा हिशोब आपोआप लागतो आणि तो दर वेळी माझ्यावर येऊन थांबतो.

तू विचारलंस की तिचं नाक कुणावर गेलं आहे. मला सांगता येत नाही. मी तिला स्वच्छ ठेवते, वेळेवर पाजते, अंगाला तेल लावते. पण कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखं वाटतं. आणि ती माणसं परत येतील तेव्हा कुठे ओरखडा दिसला तर काय, असं वाटतं.

आता दहावा. स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का, असा होता. मी कधीच नाही यावर खूण केली. बाबा शेजारी उभे होते. बाबा नसते तरी मी तीच खूण केली असती, कारण बरोबर उत्तर तेच आहे.

खरं उत्तर कधीकधी असं आहे. त्याच्यापुढे मी एक वाक्य लिहिलं होतं की पण तू काळजी करू नकोस, तसं काही नाही. ते मी खोडलं आहे, तुला खाडाखोड दिसेल. आज खरं लिहायचं ठरलं आहे.

बाबांच्या खात्यात कसं असतं बघ. एखाद्या गार्डला नेमून दिलेलं जंगलातलं बीट जमलं नाही की त्याची बदली होते आणि दुसरा येतो. कुणी कुणाला दोष देत नाही. झाडं असतात तशीच राहतात. मला वाटतं, इथेही तसंच व्हावं. माझी बदली व्हावी आणि हिला जिला जमतं अशी कुणीतरी मिळावी. तिच्यासाठीच ते चांगलं. माझी बदली कुठे व्हायची, ते मी लिहीत नाही.

लालसूकाका फाटकाशी उभे राहून चहा मागत आहेत. पत्र देऊ की नको, हे ठरवायला वेळ नाही, म्हणून देते. तू शपथ घेतली आहेस.

लोभ ठेवलास तर ठेव. मी त्याच्या योग्य आहे का, याबद्दल मला शंका आहे.

करिष्मा


चंद्रपूर ते आलापल्ली, गाडीत,
१४ जानेवारी २०२५

ति. ताई,
सा. न.

हे पत्र मी स्वतःच घेऊन येते आहे. तुझ्यासमोर उभी राहिले की मला बोलता येणार नाही, मी भोंगा लावीन, आणि मग आईला वाटेल की मी परीक्षेत नापास झाले. म्हणून आधी हे वाच, मी दारात उभी राहते. अक्षर वाकडं येतं आहे ते गाडीमुळे. दुरुस्त करू नकोस.

मी शपथ मोडली. काल संध्याकाळी तुझं पत्र वाचलं आणि अर्ध्या तासाच्या आत बाबांना फोन केला. स्पीकर बंद करा, अंगणात जा आणि चैतूच्या आजीला आत जायला सांगा, असं आधी बजावलं. मग सांगितलं. बाबा म्हणाले की ती आता कुठी आहे ते मी पाहून येतो, तू फोन ठेवू नको. पाहून आले आणि म्हणाले, खाटेवर आहे, आई जवळ बसली आहे. नंतर मी भाऊजींना सांगितलं. तेही आज निघाले आहेत.

मग मी १४४१६ या नंबरवर फोन लावला. तिथे मनाच्या त्रासाबद्दल बोलता येतं. एक बाई होत्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी त्यांना बदलीचं सांगितलं, मला ते सोडून दुसऱ्या शब्दांत सांगताच आलं नाही. त्या म्हणाल्या की तिला एकटं ठेवू नका, लवकर डॉक्टरांना दाखवा, आणि हा आजार आहे हे तिला सांगा. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, उपचारानं बरा होतो. तिचा स्वभाव नाही आणि तिचा दोषही नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं, कारण लेखी पुराव्याशिवाय तू मानणार नाहीस.

तुझ्यासारख्या मुलीला शपथ मोडणारी बहीण म्हणजे कॉपी करणारी. मला माहीत आहे. या कारणासाठी तुला माझ्याशी जन्मभर बोलायचं नसेल तर नको बोलू. पण जिवंत राहून नको बोलू.

लालसूकाका दोनदा मागे येऊन विचारून गेले की पोरी रडतेस काऊन. मी सांगितलं, परीक्षेचं टेन्शन. त्यांनी मला शेंगदाणे दिले. अर्धे तुला ठेवले आहेत. लाडू नाहीत ते, नुसते शेंगदाणे आहेत.

आता दार उघड.

दीपू


जय सेवा

आलापल्ली,
दि. १८ जानेवारी २०२५

चि. अतुलराव यांस,
पोचू वेलादी, वनपाल (सेवानिवृत्त), यांचा जोहार व अ. आ.

विषय: सौ. करिष्मा हिच्या तब्येतीबाबत अहवाल.
संदर्भ: आपला कालचा फोन, ज्यात आपण रडत होता व मला नीट ऐकू आले नाही.

आपण दि. १६ रोजी ड्युटीवर माजरीस परत गेलात, त्यानंतरची हकीगत कळवितो. ड्युटीवर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत असे आपण म्हणाला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सुटी झाल्यावर सावकाश वाचावे.

आपण निघाल्यावर त्याच दुपारी करिष्मा, मी व दीपाली उपकेंद्रात गेलो. सिस्टरांकडे नवीन कागद मागितला. पहिल्या कागदाची नोंद वर पाठवून झाली आहे, असे सिस्टरांनी सांगितले. त्यावर मी निवेदन केले की पाणवठ्यावरच्या प्रगणनेत माझा आकडा चुकला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मचाणावर बसलो होतो, कारण आकडा वर गेला म्हणून जनावर बदलत नाही. सिस्टरांना हे पटले. त्यांनी कोरा कागद दिला व मला बाहेर जाण्यास सांगितले. मी तिचा बाप आहे, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या की म्हणूनच.

मी बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिलो. करिष्मानं आजवर सोडवलेला असा एकही पेपर नाही जो मी तिच्या खांद्यावरून पाहिला नाही. तिथे उभा असताना एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या कागदावर तिनं जे लिहिलं ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलं. लहानपणीही तसंच लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायचो. दीपाली खरं लिहायची, तिचे मी कापायचो. हे इथे नमूद करतो. अहवालात आपली चूक लपवू नये, असा माझा नियम आहे.

कागद भरायला या वेळी चाळीस मिनिटे लागली. तिनं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांनी लगेच फोन लावला.

दर शुक्रवारी रुग्णालयात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई येतात, त्यांनी काल तपासले. गोळी सुरू केली आहे. अंगावर पाजताना ती चालते, असे मी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्या वेळी बाई जरा रागावल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर तिला सलग झोप मिळाली पाहिजे आणि ती एकटी राहता कामा नये. त्यानुसार गस्तीचा तक्ता करून दारामागे लावला आहे. पहाटेची पाळी माझी, सकाळची व रात्रीची आईची, दुपारची व संध्याकाळची दीपालीची. दीपाली तिचा अभ्यास घेऊन पुढच्या महिन्यापर्यंत इथेच राहील. आपले नाव रविवारी पूर्ण दिवस टाकले आहे. गैरहजेरी चालणार नाही.

पोर चांगली आहे. माझ्या पहाटेच्या पाळीत तिनं माझ्या अंगावर दोनदा शू केली. तब्येत ठणठणीत असावी.

आपण रडलात यात लाजण्यासारखे काही नाही. मीही कडुलिंबाखाली तेच केले. ही बाब अहवालाचा भाग समजू नये.

आपला,
पोचू वेलादी

ता. क. जावईबापू, मी बुधरी लिहितो आहो. यांचं लिहिणं म्हणजे सरकारी, म्हणून मी दोन ओळी लिहितो. डॉक्टरीणबाईनं मले इचारलं का तुमाले बी असं झालं होतं काय. म्या सांगतलं, करिष्माच्या टायमाले मी बी अशीच होती. चार महिने मले काहीच गोड लागे नाई, पोरगी रडे तं मी पाहातच राहो. कोणी इचारलं नाई. मले वाटे बाई म्हणजे अशीच राहते. मोबाइल कोठीतून काढून देला तिले, तांदूळ गेले आहे त्याच्या भोकात, तुम्ही आले का काढून द्या. लाडू आता ती मागन तवाच देतो. चैतूच्या आजीले सांगतलं का या घरी सध्या स्पीकर बंद आहे. तुम्ही नीट जेवत जा. तिची काळजी करा पण खाणीत मशीन चालवताना करू नका.


जय सेवा

आलापल्ली,
८ मार्च २०२५

चि. दीपूस ताईचे अ. आ. वि. वि.

तू चंद्रपूरला परत जाऊन पंधरा दिवस झाले. आता माझ्याकडे मोबाइल आहे, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तू मधेमधे बोलतेस. शपथ मोडल्याबद्दल मी तुला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या की छान, रागवा तिच्यावर, स्वतःला सोडून कुणावर तरी रागावलात. तेव्हा आता तू माझ्या उपचाराचा भाग आहेस.

बरी आहे का, असं तू विचारशील. बरी होते आहे, असं लिहिणं जास्त खरं. काही सकाळी उठल्यावर चहा प्यावासा वाटतो. काही सकाळी अजूनही सगळं जड असतं, आणि मग मी तसं सांगते, आणि कुणीही लाडू आणत नाही. गोळी घेते. पाच-पाच तास झोपते. पहिल्यांदा पाच तास सलग झोपले तेव्हा उठून मीच घाबरले की घरात काही झालं की काय. बाबा ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन जंगलातल्या झाडांची नावं सांगत होते. साग, बीजा, ऐन, धावडा. त्यांना म्हटलं, बाबा, पेपर नका घेऊ तिचा. ते म्हणाले, नाई घेत. मग जरा वेळानं म्हणाले की तोंडी घेतला तर चालते काय.

कालचीच गोष्ट सांगते. काल शुक्रवार, म्हणून आई आणि मी तिसऱ्या तपासणीला गेलो होतो. बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. सायमा नाव. बांगड्यांच्या दुकानवाल्या बाबूभाईंची सून, तीन आठवड्यांची बाळंतीण. तिचं बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं आणि हातात तोच दहा प्रश्नांचा कागद. पलीकडून तिची सासू, खैरुनबाई, कागदावर वाकून बसल्या होत्या. बाई मायाळू आहेत, हे आधीच लिहिते. पोरीच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होत्या. पण प्रत्येक प्रश्नाला त्याच सांगत होत्या की लिख ना बेटी, सब ठीक है, अपने घर में तुले काय कमी आहे. सायमा पेन्सिलीनं खुणा करत होती. माझ्यासारख्याच, भरभर. तिसऱ्या प्रश्नाला तिनं हळूच माझ्याकडे बघून विचारलं की ताई, यात बरोबर कोणतं असते.

दीपू, मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. पण खैरुनबाईंच्या कानासमोर काय सांगणार? आई औषधं घ्यायला खिडकीशी गेली होती. तेव्हा मी एक गोष्ट केली. मी उठले, आपली पोरगी उचलून थेट खैरुनबाईंच्या हातात दिली आणि सांगितलं की हिला बांगड्यांचा आवाज फार आवडतो, तुम्ही हिला घेऊन बाहेर झाडाखाली दोन चकरा मारता का, माझे हात भरून आले आहेत.

हे धडधडीत खोटं होतं. बांगड्यांचं तिला काही नाही. हात भरून आले नव्हते. अनोळखी माणसाकडे गेली की ती कशी तारस्वरात सुरू करते, हे तू पाहिलं आहेस. आणि मी इतक्या सहज बोलून गेले की माझे मलाच नवल वाटलं. खैरुनबाई खूश झाल्या. या अल्ला किती गोरी गोमटी म्हणाल्या, तेही खोटंच, आणि घेऊन गेल्या.

सायमाला मी एवढंच म्हटलं की बरोबर असं काही नसते, कसं वाटते ते लिहायचं, आणि मी आता तिकडे बघत नाही. तिनं आधी केलेल्या खुणा बघितल्या. मग माझ्याकडे खोडरबर आहे का विचारलं. माझ्याकडे असतोच.

मी तोंड वळवून दाराकडे बसले. बाहेर आपल्या छोट्या बाईनं रडणं सुरू केलं. आधी बारीक, मग सगळ्या रुग्णालयाला ऐकू जाईल असं. खैरुनबाई बांगड्या वाजवत होत्या आणि ती आणखी वर जात होती. मला तो आवाज बाकीच्या दहा बाळांमधून ओळखू आला. आणि खरं सांगते, माझे हात आपोआप पुढे आले. भीतीनं नाही. काही चुकलं म्हणून नाही. मला ती परत पाहिजे होती, आत्ताच्या आत्ता, आणि दुसऱ्या कुणाकडे नको होती.

पण उठता येईना. मी गेले असते तर खैरुनबाई परत आल्या असत्या. हात मांडीखाली दाबून बसले. दोनदा वाटलं की पुरे झालं. मग चोरून शेजारी बघितलं. सायमा ओठ दाताखाली धरून लिहीत होती, आणि ती अजून सातव्यावरच होती.

कळावे. आशीर्वाद देते आहे तेवढे सगळे घे, आणि तुझा लोभ राहिला तर इकडे पाठव, आता मला तो ठेवायला जागा आहे.

तुझी,
करिष्माताई